लाल टॅगच्या कादंबऱ्या

केसरबाई थापा मारते हे पिंपळे गुरवात तिच्या गल्लीतल्या रांगत्या पोरालासुद्धा ठाऊक आहे. ती महाळुंग्याला कंपनीत लागली तेव्हा तिथं एवढं रान होतं, की जेवणाच्या सुट्टीत ससे कॅन्टीनच्या रांगेत उभे राहायचे. एकदा एक ससा तिच्यापुढं घुसला आणि शेवटची जिलबी घेऊन गेला, वर ताटसुद्धा धुवून ठेवलं नाही. पवनेच्या कडेच्या डासाने तिच्या नवऱ्याचं, जयसिंगचं हेल्मेट पळवलं होतं. जयसिंग बिचारा सांगवीपर्यंत मागं धावला. शेवटी डासानेच ते खाली टाकलं, कारण त्याला ते डोक्याला सैल होत होतं. जयसिंग आता नाही, म्हणून साक्षीला कुणी नाही, आणि केसरबाईला ते फार सोयीचं पडतं.

पण एका गोष्टीत तिने उभ्या जन्मात थाप मारलेली नाही. चोवीस वर्षं तिने गाड्यांच्या इंजिनात बसणारी रबराची सील तपासली. सील म्हणजे बांगडीएवढी काळी कडी. तिच्यावरून बोट फिरवायचं, कुठं खरखर लागली, कुठं केसाएवढी चीर दिसली, की लाल टॅग लावायचा, त्यावर दोष लिहायचा आणि खाली आपला नंबर टाकायचा. केसरबाईचा नंबर सतरा. महिनाअखेरीला साहेब येऊन हात जोडायचे, मावशी एवढा लॉट जाऊ द्या, ट्रक उभाय. सतरा नंबर मान हलवायची. चीर आहे म्हणजे आहे. ट्रक तसाच उभा राहायचा.

रिटायर झाली तेव्हा कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं. केसरबाईने स्टिकरचे दोन रोल मागून घेतले, एक लाल आणि एक हिरवा. घड्याळ महिन्याभरात बंद पडलं. रोल नऊ वर्षं पुरले, कारण त्यातला हिरवा जवळपास वापरलाच गेला नाही.

तर झालं असं, की त्यांच्या गल्लीतल्या बुद्धविहाराला लागून एक अभ्यासिका आहे. परीक्षांची पोरं तिथं दिवसभर माना खाली घालून बसतात. तिथं एका कपाटात कादंबऱ्या होत्या. कुणाचं घर बदललं, कुणाचं म्हातारं माणूस गेलं, की पुस्तकांची पिशवी विहाराच्या पायरीवर येऊन पडायची. केसरबाईने रिकामपणी पहिली कादंबरी उचलली आणि चाळीसाव्या पानावर तिला जी शिसारी आली, ती आजतागायत गेलेली नाही.

तिचं म्हणणं साधं होतं. कादंबरी म्हणजे थापच. थाप मारण्यात काही गैर नाही, तिने स्वतः जन्मभर तेच केलं. पण थाप मारायची तर ती ऐकणाऱ्याने हूं हूं करत गिळली पाहिजे. सशाने जिलबी नेली म्हटलं तर लोक विचारतात, मग ताटाचं काय? ताटाचं उत्तर तयार पाहिजे. ह्या लोकांची पुस्तकं छापून येतात, मागं फोटो येतो, गालावर हात ठेवून बसलेला, आणि ताटाचं उत्तर एकाकडे नाही.

मग तिने मागच्या कव्हरच्या आत लाल स्टिकर लावायला सुरुवात केली. दोष, आणि खाली सतरा.

इतिहासाच्या एका जाडजूड कादंबरीत तिने लिहिलं होतं: घोडा सहाशे पानं पळतो, एकदाही लीद टाकत नाही. अकरा हजार माणूस मोहिमेवर निघालं, भाकरी कुणी थापल्या त्याचा पत्ता नाही. छातीत भाला घुसलेला सरदार दीड पान भाषण करतो. माझा सासरा मरताना नुसतं पाणी म्हणाला, तेही अर्धंच.

रहस्यकथेच्या मागं: खुनी माणूस पान दोनशे बाराला पहिल्यांदा घरात पाऊल टाकतो. आपणच लपवून ठेवायचा आणि आम्हालाच म्हणायचं ओळखा. फसवणूक.

प्रेमाच्या कादंबरीत: नायिकेचे केस पान तीनला कमरेपर्यंत, साठला गुडघ्यापर्यंत. तेल कुठलं ते लिहावं. नायक सव्वाशे पानं तिला वेडे, वेडे म्हणतो. शेवटी ती त्याच्याशी लग्न करते, म्हणजे त्याचं खरं होतं.

भुताच्या कादंबरीत: दर तीन पानांनी रक्त, पू, आतडी. जेवता जेवता वाचली. दुसरी भाकरी मागून घेतली, इतकं खोटं रक्त.

इंग्रजी खुनाची एक मराठीत आणलेली होती. तिच्यात सगळे पितात आणि कुणी जेवत नाही, आणि अडतीस वेळा कुणी ना कुणी खांदे उडवतो. खांदे उडवणारा माणूस मला पिंपरी-चिंचवडात अजून भेटायचाय, असं तिने खाली लिहिलं होतं. एका कादंबरीत आकाशयान तीनशे वर्षं उडत होतं. त्यावर केसरबाईने एकच ओळ लिहिली: सील कोण बदलतं? आणि एका पुरस्कारवाल्या कादंबरीला पूर्णविरामच नव्हता. नायक खिडकीतून बाहेर बघत बसलेला. नव्वदाव्या पानावर तो खिडकी लावतो. मला वाटलं आता काहीतरी घडणार, असं सतरा नंबरने लिहिलं होतं, पण मेल्याने परत उघडली.

असे त्रेसष्ट लाल आणि दोन हिरवे. पिवळा टॅग तिने ठेवलाच नव्हता. पिवळा म्हणजे दुरुस्त करून आणा. लेखकाच्या घरी कोण जाणार?

गंमत अशी, की परीक्षांची पोरं पुस्तक उघडायची ते मागूनच. आधी लाल टॅग वाचायची, खो खो हसायची आणि मग आजी म्हणते ते खरं का बघायला कादंबरी घरी न्यायची. संध्याकाळी पाचला केसरबाई पायरीवर बसली, की चार बायका भाजी निवडायला तिथंच यायच्या. ती आजच्या पुस्तकाचे वाभाडे काढायची. मेथी निवडून व्हायची, कादंबरी सोलून व्हायची.

आता ह्या त्रेसष्टांत एक होती, तिच्याबद्दल ती पायरीवर बोलायची नाही. ती एका झोपडपट्टीवरची कादंबरी होती. लेखक मोठा कनवाळू. त्याच्या वस्तीत पहिल्या पानापासून गटार वाहतं आणि शेवटच्या पानापर्यंत बाया रडतात. केसरबाईची आई अशाच वस्तीत पत्र्याच्या खोलीत राहिली आणि तिथंच गेली. केसरबाईला त्या पुस्तकाची जेवढी किळस होती तेवढी दुसऱ्या कशाची नव्हती. उंदीर पडलेल्या पिठाचीसुद्धा नव्हती. आणि तेच पुस्तक तिने अकरा वेळा वाचलं होतं. का, ते कुणाला सांगितलं नव्हतं. नातीलाही नाही.

नात म्हणजे दीक्षा. चाकणच्या कंपनीत क्वालिटीत इंजिनीअर. आजीने बोटाने जे केलं ते ही मशीनने करते.

तर एका गुरुवारी केसरबाई अकराच्या सुमाराला अभ्यासिकेत गेली. गुरुवार म्हणजे आमच्याकडे कंपन्यांची सुट्टी, त्यामुळं आत गर्दी होती. कपाट पुसून चकाचक. वरच्या फळीवर परीक्षांची पुस्तकं उंचीप्रमाणं लावलेली, प्रत्येकावर नंबर. खालच्या फळीवर दोन कादंबऱ्या, दोन्ही हिरव्या टॅगच्या. बाकी फळी रिकामी, फिनेलचा वास मारणारी.

कपाटाशेजारी समाधान उभा होता, हातात फडकं आणि तोंडभर हसू. विहाराच्या मंडळाने गेल्याच आठवड्यात अभ्यासिका त्याच्याकडे दिली होती. तो चाकणला स्टोअरमध्ये आहे. त्यांच्या कंपनीत आवराआवरीची स्पर्धा असते. नको ते सामान ओळखायचं, लाल टॅगचा माल बाहेर काढायचा, राहिलेलं जागच्या जागी लावायचं. समाधानला त्यात सलग दोन वर्षं पहिलं बक्षीस मिळालं होतं, स्टीलचा डबा.

"जय भीम मावशी," तो म्हणाला. "बघा, नऊ वर्षांचं रिजेक्शन साठलं होतं. तुम्ही टॅग लावून ठेवले, उचललं कुणीच नाही. मी आज सकाळी क्लिअर केलं."

त्याचं तरी काय चुकलं? कंपनीत लाल टॅगचा एकच अर्थ असतो, आणि तो अर्थ केसरबाईनेच चोवीस वर्षं लोकांना शिकवला होता. तिने दोन हिरव्या कादंबऱ्या हातात घेतल्या. दोन्ही चांगल्या होत्या. चांगल्या पुस्तकाबद्दल काय बोलणार? वाचायचं आणि गप बसायचं. दोन पुस्तकांवर किती दिवस गप बसणार?

मग तिने विचारलं, कुठं दिलीस. समाधान म्हणाला, रहाटणीला मारुतरावांच्या यार्डात. कागदाची गाडी दर गुरुवारी चार वाजता गिरणीला जाते, तिथं लगदा होतो. हे सांगताना त्याला अजूनही वाटत होतं की मावशी खूश होणार.

केसरबाईने दीक्षाला घरातून जेवणावरून उठवलं. समाधानला म्हणाली, तूही चल, तुझ्या हाताने दिलंस, तुझ्या हाताने उचलायचं. ती दीक्षाच्या स्कूटीवर मागं बसली. रहाटणीच्या वाटेवर म्हणाली, ते झोपडपट्टीवालं एकच मिळालं तरी चालेल. दीक्षाला नवल वाटलं. त्या पुस्तकाचं नाव काढलं तरी आजी पदराने तोंड पुसायची.

मारुतराव रहाटणीचे जुने. बापाची शेती होती, तिच्यावर आता बारा-बारा मजल्यांचे टॉवर उभे आहेत. मधला एक तुकडा त्यांनी कुणाला दिला नाही, तिथं भंगाराचं यार्ड टाकलं. टॉवरमधले लोक बाल्कनीतून त्यांच्या पत्र्यांकडे बघून नाक मुरडतात आणि मारुतराव टॉवरकडे बघून. गेटवर पाटी होती: लाल टॅगचा माल परत मिळणार नाही.

ती पाटी उगाच नव्हती. एकदा कंपनीने नापास केलेले ब्रेकचे तुकडे त्यांच्या यार्डातून कुणीतरी गुपचूप उचलून बाजारात विकले होते. तेव्हापासून दोन वर्षं कुठल्या कंपनीने मारुतरावांना दारात उभं केलं नव्हतं. त्यांनी कानाला खडा लावला होता.

पुस्तकांची तीन पोती वजनकाट्याजवळ पडली होती. ट्रकमध्ये रद्दी भरणं चालू होतं. केसरबाईने पोती ओळखली, कारण एकातून सहाशे पानं पळणारा घोडा बाहेर डोकावत होता.

मारुतरावांनी सगळं ऐकून घेतलं. एक पुस्तक उघडलं, मागचा लाल टॅग बघितला आणि मिटलं. म्हणाले, "लाल हाय न्हवं? मग परत न्हाई."

केसरबाईने आधी आपल्या सवयीप्रमाणं केलं. ती म्हणाली, मधल्या पोत्यात नाग आहे. आमच्या अभ्यासिकेत पुस्तकांच्या मागं राहायचा, वाचता वाचता त्याला चष्मा लागला. आता तो बिथरलाय, पोती आम्हालाच काढू द्या.

"मंग त्योबी गिरणीत जाईल," मारुतराव म्हणाले आणि चहा मागवला.

चहा पिता पिता त्यांनीच वाट सांगितली. माल तपासणाऱ्यानेच लाल काढून हिरवा लावला, तर तो माल पास. मग त्यांना अडवायचं कारण नाही. ह्या टॅगवर सगळीकडं सतरा लिवलंय, तर त्या सतरा नंबरला घेऊन या.

"सतरा मीच," केसरबाई म्हणाली.

मारुतरावांनी तिच्याकडं खालून वर बघितलं. समाधानने आणि दीक्षाने माना डोलावल्या. मग मारुतराव म्हणाले, मंग झालं की आक्का, लावा हिरवे आन जावा घेऊन, चार वाजायच्या आत.

रोल तिच्या पिशवीत होताच. समाधानने पहिलं पुस्तक काढून दिलं. आकाशयान. केसरबाईने लाल स्टिकरचं एक टोक नखाने उचकटलं, हिरवं सोललं, बोटावर घेतलं आणि तिथंच थांबली. तीनशे वर्षं. सील कोण बदलतं? चीर आहे म्हणजे आहे.

तिने दुसरं घेतलं. दोनशे बाराव्या पानावर येणारा खुनी. तिसरं, खिडकी. हिरवं स्टिकर तिच्या बोटावर वाळून गेलं, पण पुस्तकाला टेकलं नाही. दीक्षा म्हणाली, आजी लाव ना, कोण बघतंय. समाधान म्हणाला, मावशी, तुम्ही एवढ्या थापा मारता, ही एक मारा. केसरबाईने त्याच्याकडं असं बघितलं, की तो पोत्याच्या मागं सरकला.

"सशाची थाप ऐकून कुणाचं इंजिन बंद पडत नाही," ती म्हणाली. "हे सहीचं काम आहे."

अडीच वाजले होते. ट्रक अर्धा भरला होता. समाधान पोतं उपसत होता. त्याला शेवटी झोपडपट्टीची कादंबरी सापडली. ती तो केसरबाईला देणार तेवढ्यात दीक्षाने घेतली आणि लाल टॅग बघण्यासाठी उघडली. टॅगवर नुसतं लिहिलं होतं: सगळीकडं दोष. आत बघा.

आत, प्रत्येक पानाच्या कडेला, केसरबाईचं बारीक अक्षर होतं. अकरा वेळा वाचताना अकरा पेनांनी लिहिलेलं. पान एक्केचाळीसला लेखकाने लिहिलं होतं की ती बाई दिवसभर शून्यात बघत बसे. शेजारी: असं नाही. आई बसायची नाही. बसली तर हातात गोधडी असायची. पान अठ्ठावन्नला त्या बाईच्या डोळ्यांतलं पाणी आटलं होतं. शेजारी: आई दिवसातून चारदा तरी हसायची. हसताना पदर तोंडावर घ्यायची, पुढचे दोन दात नव्हते. दात बापाने पाडलेले नाहीत, हँडपंपाचा दांडा उसळून लागला. पुढं: वस्तीत वास गटाराचा नव्हता, संध्याकाळी सुकटीचा होता. आणखी पुढं: आई मला शाळेत सोडायला यायची तेव्हा दुसऱ्याच्या चपला मागून घालायची, त्या मापाच्या नाहीत हे बाईंनी बघू नये म्हणून दारातून मागं फिरायची.

दीक्षाने पणजीला बघितलेलं नव्हतं. घरात तिचा फोटोही नव्हता. ती उभ्या उभ्या वाचत राहिली. एकही थाप नव्हती. ससा नव्हता, डास नव्हता.

"आजी, हे मला कधी दाखवलं नाहीस," ती म्हणाली.

"त्या मेल्याच्या पुस्तकात कोण हात घालणार," केसरबाई म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं. पण पुस्तक तिने दीक्षाच्या हातून काढून छातीशी धरलं.

मारुतराव बघत होते. ते म्हणाले, आक्का, मी काय दुश्मन न्हाई, पर ह्या एकाला सोडलं तर उद्या कंपनीचं प्वार ब्रेक मागाया ईल. पाटी हाय ती हाय. केसरबाईला ते पटलं. तीच त्या जागी असती तर तिनेही दिलं नसतं. वाईट त्याचंच वाटत होतं, की समोरचा माणूस बरोबर होता.

मग दीक्षाच्या डोक्यात कंपनी आली. तिने सांगितलं, आमच्याकडं कधी कधी दोष असलेला मालही जातो, पण चोरून नाही. ग्राहकाला दोष दाखवायचा, आणि त्याने लिहून द्यायचं, की दोष माहीत आहेत, तरी पाहिजे. मग लाल टॅग काढायचा नाही. टॅगच्या खाली ग्राहकाची सही, आणि माल त्याचा.

मारुतरावांनाही ते माहीत होतं. त्यांनी अशी कागदं बघितली होती. म्हणाले, "व्हय, ते चालतं. पर गिऱ्हाईक कोन?"

समाधान लगेच पुढं आला. त्याच्या हातून झालं होतं, त्यालाच निस्तरायचं होतं. मारुतरावांनी विचारलं, वाचलीस का रं ह्यातली येक तरी? त्याने नाही म्हटलं. मग तुला दोष कसं म्हाईत? दीक्षाने तीन-चार पुस्तकांवर सही केली असती, पण त्रेसष्ट तिनेही वाचली नव्हती. सगळे दोष पाठ असलेला माणूस सबंध पिंपरी-चिंचवडात एकच होता, आणि तोच तपासणारा होता. तपासणारा आणि गिऱ्हाईक एकच असला तर तपासणी कसली, हे तिथल्या हमालालाही कळत होतं.

केसरबाई काट्याच्या कठड्यावर बसली. तीन वाजून गेले. ट्रकवाल्याने वरून बांधायला ताडपत्री काढली.

नऊ वर्षं ती पायरीवर बसून सांगत आली होती, की ही घाण आहे, ओकारी येते, हातात धरवत नाही. लोक म्हणायचे मग वाचता कशाला, तर ती म्हणायची, कुणीतरी तपासायला नको? ते उत्तर तिने स्वतःलाही दिलं होतं. आणि आता ही नात म्हणते, लिहून दे की पाहिजेत.

तिने पिशवीतून दोन्ही रोल काढले आणि दीक्षाच्या हातात ठेवले. म्हणाली, आजपासून तपासणी तुझी. तुझा नंबर तू ठरव, सतरा घेऊ नकोस. मग तिने पेन मागितलं.

मारुतरावांनी नियम पाळला. प्रत्येक पुस्तक स्वतः उचललं, विचारलं, ह्यात काय खोट हाय? केसरबाईने सांगायचं, मग सही. पहिल्या चार-पाचांना ती हळू बोलली. मग तिचा आवाज लागला. घोड्याची लीद आली, गुडघ्यापर्यंतचे केस आले, अडतीस वेळा उडालेले खांदे आले. रद्दी भरणाऱ्या बाया काम सोडून आल्या. ट्रकवाला ताडपत्रीचं टोक हातात धरून उभा राहिला. भुताच्या कादंबरीला तो म्हणाला, माझी सासू वाचल तर भूत गाव सोडून जाईल. एका कादंबरीत नायक चारशे पानं आत्महत्येचा विचार करतो आणि शेवटी त्याला सर्दी होते, हे ऐकून एक बाई खाली बसून हसली. केसरबाईचा चेहरा मात्र कडू जहर प्यायल्यासारखा. प्रत्येक दोष सांगताना तिला खरंच पुन्हा शिसारी येत होती. आणि प्रत्येक लाल टॅगखाली, सतराच्या खाली, ती पूर्ण नाव लिहीत होती. केसरबाई जयसिंग. दोष माहीत आहेत. तरी पाहिजे.

तपासणाऱ्याला नुसता नंबर पुरतो. पाहिजे म्हणणाऱ्याला नाव घालावं लागतं.

चाळीसावं पुस्तक खेड्यावरचं होतं. शहरात बसून लिहिलेलं. केसरबाईने सांगितलं, ह्यात पान तीसला गाभण म्हैस नांगराला जुंपतात.

मारुतरावांचा हात थांबला. "कोन जुपतं?"

"नायकाचा बाप. आणि ती म्हैस संध्याकाळी तीन वासरं देते."

"वासरं?"

"म्हशीला. वासरं. तीन."

मारुतरावांनी पुस्तक बाजूला आपल्या खुर्चीखाली ठेवलं. म्हणाले, ह्याला माझी सही घ्या. आणखी काय काय लिवलंय त्या भाड्यानं ते मला बघू द्या.

शेवटचं झोपडपट्टीचं. मारुतरावांनी विचारलं, ह्यात खोट काय? केसरबाई म्हणाली, छापलेलं सगळं. आणि सही केली. तिथं मात्र तिचं अक्षर जरा वाकडं आलं. चार वाजून वीस मिनिटांनी ट्रक गेला, पोती भाड्याच्या टेंपोत चढली. समाधानने पुस्तकं स्वतः उचलून कपाटात लावली, ह्या वेळी उंचीप्रमाणं नाही, आजी म्हणाली त्या क्रमाने, सगळ्यात किळसवाणी सगळ्यात वर.

पुढच्या गुरुवारी पाचला बायका मेथी घेऊन पायरीवर बसल्या होत्या. केसरबाई सांगत होती, की यार्डात तिने सह्या इतक्या भराभर केल्या की पेनातून धूर निघाला, आणि तो बघून रहाटणीच्या टॉवरवाल्यांनी अग्निशमनची गाडी बोलावली. दीक्षा आत बसून झोपडपट्टीचं पुस्तक वाचत होती. मधूनच शी म्हणायची, मग कडेचं अक्षर वाचायला लागायची.

तेवढ्यात मोटारसायकल थांबली. मारुतराव. काखेत म्हशीचं पुस्तक. पाऊण वाचून झालं होतं आणि तोंड असं झालं होतं, जसं नासक्या दुधाचा घोट घेतलाय. ते पायरीवर टेकले आणि पाणी प्यायच्या आधीच सुरू झाले. भर पावसात कांदा काडलाय. खळ्यावर बैल उलटा फिरवलाय. रहाटणीत त्यांचा बाप असा नांगर धरायचा, असा, आणि ह्यो लिवतोय की खांद्यावर धरतात. आठ दिवस झोप न्हाई, असं म्हणाले.

बायका हसल्या. केसरबाईने पुढचं पुस्तक देऊ का विचारलं. ते नको म्हणाले. आधी ह्याचं निस्तरू दे. मग जरा घुटमळले आणि आवाज खाली आणून विचारलं, आक्का, तुमी कडंला लिवता तसं मी लिवलं तर चालतं का? बापाच्या चार गोष्टी हायेत.

केसरबाईने कानामागचं पेन काढून त्यांच्या हातात दिलं.

"लिहा," ती म्हणाली. "फक्त कडेला थाप मारायची नाही. थापेला ही पायरी आहे."